महिन्याची यादी आणि सभासदांचे दुकान

सभासदांच्या मालकीच्या एका सहकारी किराणा दुकानाची मी सहा वर्षांपासून सभासद आहे. हे दुकान आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि लहान उत्पादकांचा माल प्राधान्याने ठेवते, त्याचा कारभार सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ पाहते आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेपुढे हिशेब मांडला जातो. या सहा वर्षांतली पहिली दीड वर्षे मी भागाची रक्कम भरलेली सभासद होते, पण नियमित गिऱ्हाईक नव्हते. हंगामातली पहिली फळे आली किंवा पाहुण्यांसाठी काही चांगले न्यायचे असले की तिकडे जायचे. धान्य, तेल, साखर, साबण यांची महिन्याची यादी मात्र नेहमीच्या मोठ्या दुकानात जायची. पुढची साडेचार वर्षे ती यादीच सहकारी दुकानात दिली. दोन्ही तऱ्हांनी वापरून पाहिल्यामुळे या सेवेविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. दुकानाचे नाव देत नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी लिहायचे आहे ते बहुतांशी या पद्धतीचेच आहेत आणि अशा कोणत्याही दुकानाच्या सभासदाला ते कमीअधिक प्रमाणात अनुभवाला येतील.

ताज्या मालात हे दुकान निर्विवादपणे उजवे आहे. पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातले पाणी आणि क जीवनसत्त्व कमी होऊ लागते आणि उष्णता जितकी जास्त तितका हा ऱ्हास वेगाने होतो. त्यामुळे पहाटे तोडलेली जुडी सकाळी फळीवर येते आणि संध्याकाळी घरी शिजते, याचा फरक पहिल्या घासाला कळतो. त्याहून मोठा फरक वाणाचा आहे. दूरच्या बाजारासाठी पिकवायचे फळ कच्चे उतरवावे लागते, पेटीत दाबले गेले तरी टिकेल इतके ते घट्ट सालीचे असावे लागते आणि सगळी फळे एकाच मापाची लागतात. जवळच्या दुकानासाठी पिकवणाऱ्याला ही बंधने नसतात, म्हणून तो चवीला चांगला पण प्रवासाला नाजूक असा वाण लावू शकतो. गेल्या सहा वर्षांत आमच्या घरी आलेली निदान चार-पाच फळे आणि भाज्या अशा आहेत, की त्यांचे ते वाण मोठ्या दुकानात मला कधीच दिसले नाहीत. दुकानाने दुसरे काहीही केले नसते, तरी एवढ्यासाठी मी त्याची ऋणी राहिले असते.

याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागते. पाऊस लांबला की फळी रिकामी असते, आणि एकच भाजी सलग तीन आठवडे ढिगाने येते तेव्हा ‘आज काय करायचे’ हा प्रश्न घरातल्यांच्या आवडीऐवजी शेतावर काय तयार आहे यावरून सोडवावा लागतो. आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवून मग खरेदीला जाणाऱ्या माणसाला हे जड जाते. मला स्वतःला हा क्रम उलटा करायला, म्हणजे आधी खरेदी आणि मग बेत अशी सवय लागायला, जवळजवळ एक वर्ष लागले. जे कुटुंब हा बदल करू शकत नाही त्याला दुकान अपुरे वाटणार, आणि त्या कुटुंबाचे काही चुकते असे मी म्हणणार नाही.

‘स्थानिक’ या शब्दाविषयी मात्र माझी तक्रार आहे आणि ती इथे नोंदवणे आवश्यक वाटते. तिसऱ्या वर्षी एका मसाल्याच्या पाकिटावर दुकानाची हिरवी ‘स्थानिक’ पट्टी पाहून मी ते सहा-सात महिने नियमाने घेत होते. एकदा सभासद म्हणून दुकानात माल लावायच्या पाळीवर असताना मूळ खोके हाती आले आणि लक्षात आले, की त्यातला कच्चा माल फार दुरून येत होता. इथे फक्त तो पाकिटात भरला जात होता. कोणी मुद्दाम फसवले नव्हते. ‘स्थानिक’ म्हणजे पिकवलेले, दळलेले की नुसते भरलेले, हे कोणी ठरवलेलेच नव्हते, आणि पुरवठादाराने आपल्या सोयीचा अर्थ घेतला होता. मी लेखी प्रश्न दिला. तो मासिक बैठकीत आला, तिथून सर्वसाधारण सभेत गेला, आणि ठराव होऊन फळीवरच्या चिठ्ठीत तीन रकाने आले: कुठे पिकले, कुठे प्रक्रिया झाली, कुठे भरले. या सगळ्याला पाच महिने लागले, ही दुकानाची मोठी उणीव. पण सामान्य गिऱ्हाइकाचा एक लेखी प्रश्न चिठ्ठ्यांचा नियम बदलू शकला, असे दुसऱ्या कोणत्या दुकानात झालेले मी पाहिलेले नाही. आता ते तीन रकाने वाचले की दुकानातला बराचसा कोरडा माल पूर्णपणे स्थानिक नाही हे स्पष्ट दिसते, आणि ते स्पष्ट दिसणे मला हिरव्या पट्टीपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

याच संदर्भात अंतराविषयी थोडे लिहायला हवे, कारण दुकानाच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत ‘कमी अंतर, कमी प्रदूषण’ असे छापलेले आहे आणि ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये तिथल्या कुटुंबांच्या अन्नातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला. त्यात वाहतुकीचा एकूण वाटा सुमारे ११ टक्के निघाला, उत्पादकापासून किरकोळ दुकानापर्यंतच्या शेवटच्या वाहतुकीचा वाटा तर सुमारे ४ टक्केच होता, आणि ८३ टक्के उत्सर्जन अन्न पिकवताना आणि तयार करतानाच झालेले होते. हे आकडे एका देशाचे आहेत, तरी त्यातला मुद्दा सगळीकडे विचारात घेण्यासारखा आहे: काय खाल्ले आणि ते कसे पिकवले, याचा भार ते किती दुरून आले यापेक्षा बहुधा जास्त असतो. ऊब देऊन बंदिस्त घरात बिगरहंगामी वाढवलेली जवळची भाजी ही उघड्या शेतात हंगामात वाढून दुरून आलेल्या भाजीपेक्षा पर्यावरणाला महाग पडू शकते. आमच्या दुकानाने अंतराचा गाजावाजा कमी करून हंगाम आणि लागवडीची पद्धत यांची माहिती अधिक द्यावी, असे मी दोन वेळा सुचवले आहे. माहितीपत्रक अजून बदललेले नाही.

मग जवळचे अन्न घ्यायचे तरी कशासाठी? माझ्या मते त्याचे सर्वांत भक्कम कारण असे, की जवळच्या मालाची चौकशी करता येते. कोणत्या पाण्यावर पिकले, औषध कधी मारले, मजुराला काय मिळाले, पैसे किती दिवसांनी चुकते झाले, हे प्रश्न ज्याला विचारता येतील असा माणूस आपल्या आवाक्यात असतो. सहकारी दुकानाची कल्पना मुळात याच गरजेतून बळ धरत गेली. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २१ डिसेंबर १८४४ रोजी कामगारांनी टोड लेन या गल्लीत आपले दुकान उघडले, तेव्हा त्यांचे भांडवल २८ पौंड होते आणि विकायला पीठ, ओट, साखर, लोणी आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात आणि चहात भेसळ सर्रास चाले, वजनात मारले जाई, आणि उधारीवर माल देणारा दुकानदार कामगाराला कायमचा बांधून ठेवत असे. रॉचडेलच्या मंडळींनी ठरवले: माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, भाव बाजाराप्रमाणे, प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि हिशेबाअंती जे उरेल ते ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. यातला शेवटचा नियम मला विलक्षण वाटतो. नफा भांडवल घालणाऱ्याकडे न जाता खरेदी करणाऱ्याकडे जातो, म्हणजे दुकान कोणाच्या जोरावर उभे आहे याची कबुलीच त्या नियमात दिलेली आहे.

दरांविषयी सभासद होऊ इच्छिणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून माझा अनुभव सांगते. ताजा माल मोठ्या दुकानाइतक्याच भावात पडतो; आवक वाढते तेव्हा तो बराच स्वस्त असतो आणि हंगामाच्या दोन्ही टोकांना महाग. सुटी धान्ये आणि कडधान्ये किंचित महाग, पण निवडलेली आणि स्वच्छ. बंद पाकिटातला माल, साबण, कागदी वस्तू आणि यांसारख्या गोष्टी स्पष्टपणे महाग आहेत आणि त्या महागच राहतील, कारण शेकडो दुकानांसाठी एकगठ्ठा खरेदी करणाऱ्याला उत्पादक जो दर देतो तो एका दुकानाला देत नाही. आमच्या घरचा एकूण खर्च यादी हलवल्यावर पहिल्या वर्षी वाढला. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा जवळपास आधीच्या पातळीवर आला. त्याचे श्रेय दुकानाला थोडे आणि आमच्या बदललेल्या खरेदीला अधिक आहे, कारण सजवलेल्या मांडणीतून चालताना यादीबाहेरच्या ज्या वस्तू टोपलीत पडायच्या त्या पडेनाशा झाल्या.

महागाईवर एक उपाय जपानच्या सेइकात्सु क्लबने अनेक वर्षे वापरला आहे. १९६५ मध्ये तोक्योच्या सेतागाया भागात काही गृहिणींनी एकत्र येऊन दूध विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातून ही संस्था वाढली. तिच्याकडे एका वस्तूचे पंचवीस प्रकार नसतात. सभासद उत्पादकाशी बसून ती वस्तू कशी हवी हे ठरवतात, बहुधा एकच प्रकार ठेवतात आणि आगाऊ मागणी नोंदवतात. त्यामुळे लहान संस्थेलाही एका उत्पादकाकडे मोठी मागणी देता येते आणि न खपलेला माल अंगावर पडत नाही. या संस्थेला १९८९ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आमच्या दुकानात तेलाचे नऊ प्रकार आहेत, त्यांपैकी चार मुदत संपायला आली की सवलतीत काढावे लागतात. निवडीचे स्वातंत्र्य हवे म्हणून सभासदच ते आग्रहाने मागवतात आणि मग भाव जास्त असल्याची तक्रार करतात. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होणार नाहीत, हे संचालक मंडळाने स्पष्टपणे सांगायला हवे.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. दीड वर्ष मी ज्या पद्धतीने दुकान वापरले ती पद्धत दुकानाला बुडवणारी आहे, हे मला एका कागदाने शिकवले. दुसऱ्या वर्षाच्या सभेत खजिनदारांनी नेहमीच्या ताळेबंदाबरोबर एक साधा तक्ता वाटला होता. त्यात दुकानातली प्रत्येक फळी, तिच्यावरची विक्री, नासाडी आणि हाती उरलेली रक्कम होती. ताजी फळे आणि भाज्या, ज्यांच्यासाठी माझ्यासारखे बहुसंख्य सभासद येत होते, त्या नासाडी, थंड साठवण आणि रोजची हाताळणी वजा जाता जेमतेम आपला खर्च भागवत होत्या. भाडे, वीज आणि पगार निघत होते ते धान्य, तेल, साखर अशा कंटाळवाण्या, न नासणाऱ्या मालावर, आणि नेमकी त्याचीच विक्री घसरत होती. किराणा व्यवसायात सगळा खर्च वजा जाता शंभराच्या विक्रीमागे दोन-तीनच हाती उरतात. भाडे आणि पगार तर विक्री कमी झाली म्हणून कमी होत नाहीत. अशा धंद्यात सभासदांनी विशेष वस्तू इथून आणि रोजची यादी दुसरीकडून घ्यायची ठरवली, तर दुकान कौतुक ऐकत ऐकत बंद पडते. तो तक्ता घरी नेऊन मी आमच्या वर्षभराच्या पावत्या त्याच्याशी ताडून पाहिल्या. स्थानिक अन्नाला पाठिंबा देते अशी माझी समजूत होती, पण आमच्या किराण्याच्या खर्चातला सहावा हिस्सासुद्धा त्या दुकानात जात नव्हता. महिन्याची यादी दुसऱ्याच आठवड्यात हलवली.

यादी हलवणे म्हणजे सगळे एकदम हलवणे नव्हे. आधी आम्ही पीठ आणि कडधान्ये, म्हणजे वर्षभर लागणाऱ्या आणि ज्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही अशा वस्तू हलवल्या. तेल आणि साखर चौथ्या महिन्यात, दूध त्याच्या नंतर. साबण आणि साफसफाईच्या काही वस्तू अजूनही दुसरीकडून येतात, कारण तिथला भावातला फरक आमच्या खिशाला झेपत नाही. रोजच्या निवडीचे वजन एखाद्या वस्तूच्या थोरपणात नसून ती किती वेळा पुन्हा घेतली जाते यात असते. वर्षातून एकदा घेतलेल्या उत्तम मधाच्या बाटलीपेक्षा दर आठवड्याला न चुकता घेतलेले दोन किलो पीठ दुकानाला आणि दळणाऱ्याला अधिक उपयोगी पडते, कारण त्याच्या भरवशावर तो पुढच्या हंगामाचे धान्य आत्ताच बोलून ठेवू शकतो.

शेतकऱ्याच्या बाजूने हा भरवसा किती महत्त्वाचा आहे, हे दुकानाच्या पेरणीपूर्व बैठकीत बसल्यावर कळले. दुकान वर्षातून दोनदा उत्पादकांना बोलावते आणि मागच्या वर्षीच्या विक्रीवरून कोणता माल किती लागेल याचा अंदाज देते. काही पिकांसाठी सभासद आगाऊ पैसे भरतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेइ’ या नावाने रुजलेली शेतकरी-ग्राहक भागीदारी आणि १९८६ पासून अमेरिकेत पसरलेली, हंगामाआधी वर्गणी भरून पिकाचा वाटा घेण्याची पद्धत, या दोन्हींचे सार हेच आहे: पीक हाती येण्याआधी लागणारा पैसा आणि पीक बुडण्याची जोखीम, या दोन्हींचा काही भार खाणाऱ्याने उचलायचा. आमच्या दुकानाची या बाबतीतली सर्वांत चांगली सवय म्हणजे ताज्या मालाचे पैसे ते सात दिवसांत चुकते करते. मोठ्या खरेदीदाराकडून महिना-दोन महिने पैसे अडकून पडतात, हे बैठकीत एकाहून अधिक शेतकऱ्यांनी सांगितले, आणि थोडा कमी भाव मिळाला तरी आठवड्यात हातात येणारा पैसा आम्हाला परवडतो, असेही सांगितले. परत गेलेल्या मालाच्या नोंदी मात्र दुकान नीट ठेवत नाही. कोणाचा किती माल कोणत्या कारणाने नाकारला, हे लेखी द्यायला हवे. तोंडी निरोपावर एकाचे नुकसान होते आणि दोघांत कडवटपणा येतो.

सभासदांच्या श्रमाविषयी मतभेद आहेत आणि माझेही मत बदललेले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील पार्क स्लोप फूड को-ऑप हे १९७३ मध्ये सुरू झालेले दुकान या बाबतीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तिथे फक्त सभासदालाच खरेदी करता येते, आणि प्रत्येक सभासदाला ठराविक आठवड्यांनी पावणेतीन तासांची पाळी करावी लागते. पंधरा हजारांहून अधिक सभासदांनी हे काम वाटून घेतल्यामुळे पगाराचा खर्च कमी राहतो आणि मालावर चढवायची रक्कमही कमी ठेवता येते. त्याच धर्तीवर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये ‘ला लूव्ह’ उघडले. आमच्या दुकानात पाळी सक्तीची नाही, करणाऱ्याला खरेदीवर थोडी सवलत मिळते. मी महिन्यातून एकदा तीन तास जाते आणि सुटा माल भरते. दुकान कसे चालते हे मला ताळेबंदापेक्षा या पाळीतच अधिक समजले: किती माल फळीच्या मागे सडतो, लोक वरचे फळ बाजूला सारून खालचे काढताना किती फळे दुखावतात, काटा रोज तपासणे का गरजेचे असते. सक्ती असावी असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. दोन ठिकाणी नोकरी करणारा, घरी आजारी माणूस असलेला, वयाने थकलेला सभासद पाळी करू शकत नाही, आणि सवलत फक्त पाळी करणाऱ्याला दिली तर ज्याला स्वस्त अन्नाची सर्वांत जास्त गरज आहे तोच तिला मुकतो. मागील वर्षापासून उत्पन्न कमी असलेल्या सभासदांना पाळीशिवाय तीच सवलत देण्याचा निर्णय झाला, तो योग्य आहे. पाळीवरच्या मंडळींमुळे गल्ल्यावर वेळ लागतो, वजनाचे संकेतांक चुकतात, आणि संध्याकाळी रांग दारापर्यंत जाते. गल्ल्यावर पगारी, सरावलेली माणसेच असावीत.

कारभाराबद्दल बोलायचे तर, सभासदत्वाचा फायदा सभेला जाणाऱ्यालाच मिळतो आणि सभेला येणारे फार थोडे असतात. सहा वर्षांत दोनदा गणपूर्ती न झाल्याने सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घ्यावी लागली. याचा धोका केवळ औपचारिक नाही. अमेरिकेतील बर्कली येथील ग्राहक सहकारी संस्था १९३० च्या दशकाअखेरीस सुरू झाली. एके काळी तिचे एक लाखाहून अधिक सभासद होते आणि ती त्या देशातल्या सर्वांत मोठ्या ग्राहक सहकारी संस्थांमध्ये गणली जाई. झपाट्याने केलेला शाखाविस्तार, त्यातून आलेला तोटा आणि संचालक मंडळातील दीर्घ भांडणे यांत ती खचत गेली आणि १९८८ मध्ये तिची शेवटची दुकाने बंद झाली. एक लाख सभासद कागदावर असणे आणि तेवढ्या लोकांनी दर आठवड्याला खरेदी करून हिशेब वाचणे यांत किती अंतर आहे, हे त्या दुकानांच्या इतिहासात दिसते. आमच्याकडे दुसरी शाखा काढण्याचा प्रस्ताव मागच्या वर्षी आला होता. पहिल्या दुकानातली सभासदांची सरासरी खरेदी वाढल्याशिवाय शाखा नको, या बाजूने मी मत दिले. प्रस्ताव थोड्या मतांनी फेटाळला गेला, आणि ज्यांनी तो मांडला होता त्यांच्याविषयी मला आदरच आहे. नव्या वस्तीतल्या लोकांना चांगले अन्न मिळावे अशीच त्यांची तळमळ होती.

शिल्लक रकमेच्या वाटपाबाबत दुकान सावध आहे. तीन वर्षे खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळाला, दोन वर्षे सगळी रक्कम राखीव निधीत गेली, एक वर्ष तोट्याचे होते. थंड साठवणीचे यंत्र बिघडले तेव्हा बँकेकडे न जाता त्याच राखीव निधीतून नवे घेता आले. परतावा न मिळालेल्या वर्षी काही सभासद सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही, पण निधीचा उपयोग काय होतो हे संचालकांनी आधीच नीट समजावून सांगितले असते तर त्यांच्यातले काही थांबले असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जागा स्वच्छ आहे, सुट्या मालाचे डबे झाकलेले असतात, घरून बरण्या नेल्या तर आधी बरणीचे वजन करून देतात. खराब निघालेला माल कुरबुर न करता बदलून मिळतो. दुकान संध्याकाळी लवकर बंद होते, नोकरदार सभासदांची ही जुनी तक्रार आहे आणि आठवड्यातले दोन दिवस तरी दीड तास उशिरापर्यंत उघडे ठेवणे अशक्य नाही. घरपोच सेवा नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना मधल्या दोन रांगांमधून जाता येत नाही. ही गैरसोय लाजिरवाणी आहे आणि तिच्यासाठी ठरावाचीही गरज नाही, एक मांडणी हलवली की झाले.

आपल्या जवळच्या अशा दुकानाचे सभासद व्हावे की नाही, असे कोणी विचारले तर मी होकार देते, पण भाग घेण्याआधी तीन गोष्टी विचारायला सांगते: मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद पाहायला मिळतील का, उत्पादकांचे पैसे किती दिवसांत चुकते होतात, आणि एकूण सभासदांपैकी किती जण महिन्यातून निदान दोनदा खरेदी करतात. पहिल्याला नकार मिळाला तर तिथून परत फिरावे. दुसऱ्याचे उत्तर महिन्याहून अधिक आले, तर स्थानिक शेतकऱ्याच्या नावाने तिथे बोलले जाते पण त्याच्याच पैशावर दुकान चालते असे समजावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या दुकानाकडे मी सभासद झाले तेव्हा नव्हते; आता दर तीन महिन्यांनी ते दाराशी लावलेले असते. गेल्या वेळचा आकडा होता शंभरातले एकेचाळीस. येत्या सभेत संध्याकाळच्या वेळेचा ठराव मी मांडणार आहे, आणि तो मंजूर झाला तर पुढच्या फलकावर हा आकडा पन्नासच्या वर गेलेला दिसेल अशी माझी अपेक्षा आहे.